रविवार मिळवून देणारा ठाणेकर



भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवार लाल शाईत छापलेला असतो. त्या दिवशी आपण मिस्साला येतो. आपले हिंदू, मुस्लिम आणि बौद्ध शेजारी घरी असतात, बाजार करतात, पाहुण्यांकडे जातात, सोयरिकी जुळवतात. हा लाल रविवार इंग्रज साहेबाने जाताजाता सर्वांना देऊन टाकला, अशी बऱ्याच जणांची समजूत आहे. साहेबाच्या कचेऱ्या रविवारी बंद असत हे खरे. पण मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या मजुराला तो रविवार नव्हता. त्याला तो मिळाला १० जून १८९० रोजी, आणि तो मिळवून देणारा माणूस आपल्याच जिल्ह्यात, ठाण्यात जन्मला होता. त्याचे नाव नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा. घर फुलमाळी समाजातले आणि गरिबीचे. मूळ गाव पुणे जिल्ह्यात; पोटापाण्यासाठी कुटुंब ठाण्याला आलेले. नारायण पाच वर्षांचा असताना, १६ एप्रिल १८५३ रोजी, मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. दोन वर्षांनी, १८५५ मध्ये, तीच लाईन आपल्या वाशिंदपर्यंत पोचली. पुढे कसारा, मग घाट. १८५६ साली ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांची कापड गिरणी सुरू झाली. रेल्वे आणि गिरणी या दोन गोष्टींनी मुंबईचे आणि आपल्या ठाणे जिल्ह्याचे रूप पालटले, आणि हा मुलगा त्या दोन्हींबरोबर वाढला.

मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाल्यावर लोखंडे आधी रेल्वेत आणि नंतर टपाल खात्यात नोकरीला लागले. पुढे त्यांना मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपरची जागा मिळाली. बहुजन समाजातल्या तरुणाला त्या काळी ही चांगली नोकरी होती. बसायला जागा, हिशेबाची वही, महिन्याचा पगार. कोणी म्हणाले असते, आता मिळाले ते सांभाळावे. पण स्टोअरकीपरच्या खोलीतून गिरणी रोज दिसते. भोंगा झाल्यावर धावत येणारी माणसे दिसतात, संध्याकाळी पाय ओढत परत जाणारी माणसे दिसतात. लोखंडे यांनी ते पाहिले आणि ते पाहणे त्यांना स्वस्थ बसू देईना.

गिरण्यांत काय चालले होते, हे आज समजून घेणे अवघड आहे. विजेचे दिवे अजून आले नव्हते, त्यामुळे काम सूर्याच्या हिशेबाने चाले. उजाडले की यंत्र सुरू, अंधारले की बंद. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांचा होई. जेवायला ठरलेली सुट्टी नसे. यंत्राजवळच उभ्याने चार घास खायचे. कापसाचे तंतू नाकातोंडात जात. पगार महिना संपल्यावर लगेच मिळत नसे, तोपर्यंत वाण्याची उधारी आणि पठाणाचे व्याज. सणावाराला गिरणी बंद राहत असे, पण आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. पुष्कळ ठिकाणी तर रविवारी यंत्रे साफ करायला यावे लागे.

त्यातून अपघात. एका मोठ्या इंजिनाच्या जोरावर छताखालचे दांडे फिरत आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खाली यंत्रांपर्यंत येत. त्या पट्ट्यांना आणि दातेरी चाकांना आडोसा नसला, तर धोतराचा सोगा, पदर किंवा हात आत जायला क्षणही लागत नाही. हात गेला की नोकरी गेली. गावाकडची जमीन आधीच सावकाराकडे. मग त्या माणसाचे आणि त्याच्या मुलाबाळांचे काय, याचे उत्तर देण्याची जबाबदारी कोणावरही नव्हती.

मजुरांमध्ये पाचापैकी एक तरी बाई होती. सूत गुंडाळण्याच्या, रिळे भरण्याच्या खात्यात बहुतेक बायकाच असत. घाटावरून आणि कोकणातून आलेल्या, कोणी विधवा, कोणी नवऱ्याबरोबर आलेल्या. पुरुषांपेक्षा त्यांना पैसे कमी. घरचे पाणी आणि चूल उरकून त्या भोंग्याला हजर असत आणि भोंग्यानंतर पुन्हा चुलीपुढे बसत. मुंबईबाहेर तर याहून वाईट. खानदेशात कापसातून सरकी काढणारे जिनिंग कारखाने होते. तिथे हंगामात बायका पहाटे चार-पाचला कामाला लागत आणि रात्री आठ-नऊला सुटत, अशा जबान्या सरकारी चौकशीत नोंदल्या गेल्या आहेत. घाईच्या दिवसांत रात्रीही काम चाले. हे कारखाने वर्षातून थोडेच महिने चालत, म्हणून पहिल्या कायद्याने त्यांना हातच लावला नव्हता.

लोखंडे यांना दिशा मिळाली महात्मा जोतिराव फुले यांच्याकडून. १८७३ साली फुले यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला होता. लोखंडे त्यात आले आणि मुंबईत त्या समाजाचे काम वाढवणाऱ्यांत त्यांचे नाव पुढे आले. सर्व माणसे एकाच निर्मिकाची लेकरे आहेत, हा त्या समाजाचा पाया. फुले यांनी तो विचार शेतकऱ्यांसाठी आणि शाळेबाहेर ठेवलेल्या मुलींसाठी वापरला. लोखंडे यांनी तो गिरणीच्या दारात नेला. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधु' हे पत्र सुरू केले होते. ते आर्थिक अडचणीत आले तेव्हा लोखंडे यांनी १८८० साली ते मुंबईला आणले आणि स्वतः चालवू लागले. शेतकरी आणि मजूर यांच्या बाजूने बोलणारे आपल्या देशातले हे पहिल्यापैकी एक पत्र. पुढे त्यांनी नोकरी सोडली आणि हेच काम धरले.

१८८१ साली हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी कायदा झाला. शंभर किंवा अधिक मजूर असलेल्या कारखान्यांना तो लागू होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये, त्यांना महिन्यात चार सुट्ट्या द्याव्यात, धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालावे, अपघात झाला तर कळवावे, एवढाच तो कायदा. प्रौढ पुरुषांसाठी आणि बायकांसाठी त्यात एकही तास ठरवलेला नव्हता. सात वर्षांचे मूल नऊ तास काम करते, यालाच तेव्हा सुधारणा म्हटले जाई, हे आपल्या पहिली-दुसरीतल्या लेकरांकडे पाहून जरा मनात आणावे.

कायदा अपुरा आहे हे लवकरच उघड झाले आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. साहेब मंडळी मालकांना विचारतील, डॉक्टरांना विचारतील. मजुरांना कोण विचारणार? लोखंडे यांनी मजुरांनाच बोलते केले. २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ रोजी त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज आयोगापुढे ठेवला. बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन ही आपल्या देशातली पहिली कामगार संघटना याच काळात उभी राहिली. आजच्या युनियनसारखी वर्गणी, नियम, सभासदांची यादी असे काही तिच्याजवळ नव्हते. होते ते लोखंडे, त्यांचे पत्र आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारी माणसे.

त्या अर्जात पाच मागण्या होत्या. प्रत्येक रविवारी पूर्ण दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. आणि पाचवी मागणी अशी की कामावर जखमी झालेल्या मजुराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या पुढच्या आयुष्याची सोय व्हावी.

या पाचव्या मागणीकडे थोडे थांबून पाहू या. त्या काळच्या हिशेबात मजुराची मेहनत ही कापसासारखीच विकत घेण्याची वस्तू होती. कापूस खराब झाला तर फेकून देतात, तसेच मजुराचे. लोखंडे सांगत होते की गिरणीने फक्त दोन हात विकत घेतलेले नाहीत. त्या हातांमागे एक माणूस आहे, त्याचे घर आहे, त्याचा उद्या आहे. माणूस हे साधन नव्हे, तो स्वतःच साध्य आहे, हे तत्त्वज्ञानाच्या जाड ग्रंथांतून शिकवले जाते. ठाण्याच्या या मॅट्रिक शिकलेल्या गृहस्थाने ते एका अर्जाच्या पाचव्या कलमात मांडले.

अर्ज गेला, पण सुट्टी आली नाही. मालक म्हणत, सुट्टी दिली तर धंदा बुडेल. आपल्याकडची कित्येक देशभक्त वर्तमानपत्रेही या कायद्याच्या विरुद्ध होती, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरणीमालकांना मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा नको होती. इथल्या मजुराचा कळवळा दाखवून ते आपल्या सरकारवर दबाव आणत होते. मग मजुराच्या बाजूने बोलणे म्हणजे परक्या व्यापाऱ्याला मदत करणे, असा आरोप होऊ लागला. लोखंडे यांची खरी कसोटी इथे लागली. त्यांनी बाजू घेतली ती मजुराची. दुसऱ्याचा हेतू वाईट आहे म्हणून न्याय्य मागणी अन्याय्य होत नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होते. मुंबईच्या मालकाला स्वदेशी म्हणून सूट द्यावी, तर त्याच्या गिरणीत हात गमावणारी माणसेही स्वदेशीच होती.

पाच-सहा वर्षे अर्ज, सभा, लेख असे चालू राहिले. त्या काळात मुंबईत सत्तरच्या आसपास गिरण्या आणि साठ हजारांच्या आसपास कामगार होते. मग आला २४ एप्रिल १८९०. महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर लोखंडे यांनी सभा बोलावली आणि सुमारे दहा हजार कामगार जमले. लाऊडस्पीकर नाही, मोबाईल नाही, पत्रके वाचता येणारेही थोडे. खात्याखात्यांतून आणि चाळीचाळींतून निरोप गेला आणि माणसे आली.

त्या सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली. ही गोष्ट पुस्तकांत एका ओळीत येते, पण ती साधी नाही. सन १८९० आहे. चांगल्या घरची बाई उंबऱ्याबाहेर बोलत नाही अशी समजूत, आणि मजूर बाईला बोलण्यासारखे काही असते असे कोणाला वाटतच नसे. त्या दोघी दहा हजार माणसांपुढे उभ्या राहिल्या आणि आठवड्याची सुट्टी मागितली. इतिहासात त्या बहुधा दोन स्त्री कामगार एवढ्याच ओळखीने येतात. पुरुषांच्या सभेत त्यांना बोलायला जागा करून देणाऱ्या लोखंडे यांचे मोठेपण इथे आहे. सावित्रीबाईंनी मुलींच्या हातात पाटी दिली. त्याच परंपरेतल्या या माणसाने मजूर बाईला व्यासपीठ दिले.

सभेचा अर्ज गिरणीमालकांच्या संघाकडे गेला. १० जून १८९० रोजी मालकांनी मागणी मान्य केली आणि रविवार हा गिरणी कामगारांचा सुट्टीचा दिवस ठरला. रविवारच का? असे सांगतात की रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचा वार, म्हणून मराठी कामगारांना तो जवळचा होता. आपल्यासाठी तो प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस. ज्याला जे पवित्र, त्यासाठी वेळ मिळावा, एवढीच ती मागणी. लोखंडे यांना त्यातून आणखी एक गोष्ट हवी होती. सहा दिवस माणूस घरासाठी राबतो, सातवा दिवस त्याला समाजाच्या कामासाठी मिळावा, असा त्यांचा विचार सांगितला जातो. दमलेला माणूस सभेला येत नाही, वाचत नाही, शेजाऱ्याचे दुःख विचारत नाही.

त्याच वर्षी सरकारने नवा फॅक्टरी आयोग नेमला आणि मुंबईतल्या त्याच्या कामात लोखंडे यांना सहभागी करून घेतले. या वेळी मजुरांच्या, बायकांच्याही जबान्या घेतल्या गेल्या. १८९१ चा कायदा झाला. त्यात सर्वांना आठवड्याची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आली. बायकांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा आणि मधे दीड तास विश्रांती आली. नऊ वर्षांखालच्या मुलांना मनाई झाली. त्याच १८९१ च्या मे महिन्यात रोममध्ये पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे विश्वपत्र प्रसिद्ध केले आणि श्रमिकांचे वेतन, विश्रांती आणि संघटनेचा हक्क यांवर चर्चची भूमिका मांडली. रोमच्या पोपना मुंबईच्या स्टोअरकीपरची आणि स्टोअरकीपरला पोपच्या पत्राची माहिती असण्याचे कारण नाही. पण एकाच काळात दोन टोकांना दोन माणसांना तोच अन्याय दिसला. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी हे नाव घेताना त्याच विश्वपत्राची आठवण केली, ती उगाच नव्हे.

लोखंडे यांचे काम गिरणीपुरते नव्हते. त्या काळी ठराविक जातींत नवरा गेला की बाईचे केस कापून तिला विद्रूप करण्याची रूढी होती. लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईत न्हावी बांधवांची सभा झाली आणि यापुढे विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असा त्यांनी निश्चय केला. रूढी मोडण्याची जबाबदारी ज्याच्या हातात वस्तरा आहे त्याच्यावरही आहे, हा धडा त्यात होता. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची भीषण दंगल झाली. गिरणी वस्तीत आग पसरायला वेळ लागत नाही. लोखंडे दोन्ही समाजांत फिरले, सभा घेतल्या, माणसांना शांत केले. त्यांच्या सेवेबद्दल सरकारने त्यांना १८९५ मध्ये रावबहादूर ही पदवी दिली. पदवी आली, पण राहणी आणि सोबत बदलली नाही.

मग आला १८९६ चा सप्टेंबर. मुंबईच्या मांडवी भागात लोक तापाने आणि काखेत-जांघेत गाठी येऊन मरू लागले. गोव्याचे एक ख्रिस्ती डॉक्टर, अकासियो गाब्रिएल व्हिएगस, यांनी हा प्लेग आहे हे ओळखून उघडपणे सांगितले. शहरात घबराट उडाली. लाखो लोक रेल्वेने, बैलगाडीने, पायी गावाकडे पळाले. ज्यांना जायला गाव नव्हते किंवा अंगात ताकद नव्हती, ते चाळीत राहिले. सरकारी इस्पितळाची लोकांना इतकी भीती की रोगी लपवून ठेवत. रावबहादूर लोखंडे यांना मुंबई सोडता आली असती. ते राहिले. त्यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उभा केला आणि स्वतः रुग्णांत वावरले. त्यांनाच प्लेग झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. वय पन्नासच्याही आत. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. एका घराण्याची नसलेली, पण एका विचाराची ही दोन माणसे एका महिन्याच्या अंतराने आणि एकाच कारणाने गेली. मित्रांसाठी प्राण देण्यापेक्षा मोठी प्रीती नाही, हे आपण वेदीवरून ऐकतो. या दोघांनी ते जगून दाखवले.

आता लोखंडे यांच्या पाच मागण्यांचा हिशेब मांडू. रविवार आणि दुपारची विश्रांती ही १८९० आणि १८९१ मध्ये मिळाली. प्रौढ पुरुषांच्या तासांना कापड गिरण्यांत बारा तासांची पहिली मर्यादा आली १९११ मध्ये. जखमी कामगाराला भरपाई देण्याचा कायदा झाला १९२३ मध्ये, म्हणजे मागणीनंतर ३९ वर्षांनी. पगार ठरल्या मुदतीत देण्याचा कायदा झाला १९३६ मध्ये, म्हणजे ५२ वर्षांनी. एका साध्या अर्जाला न्याय मिळायला अर्धे शतक का लागावे?

याचे एक उत्तर दूर अमेरिकेत सापडते. १९११ साली, २५ मार्चच्या शनिवारी, न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल नावाच्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. कारखाना दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर. काम सुटण्याची वेळ. आठव्या मजल्यावर चिंध्यांच्या ढिगाला आग लागली. नवव्या मजल्यावरचा एक दरवाजा कुलूपबंद होता, कारण मुली जाताना माल चोरतील अशी मालकांना शंका. अग्निशामक दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचल्या. जिना कोसळला. अर्ध्या तासाच्या आत १४६ जीव गेले. त्यांत १२३ बायका आणि मुली होत्या, बहुतेक इटलीहून आलेल्या कॅथलिक आणि पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू घरांतल्या, काहींचे वय चौदा. याच कामगार मुलींनी दोन वर्षे आधी, १९०९ मध्ये, मोठा संप करून चांगली परिस्थिती मागितली होती. मालकांवर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले.

त्या मुली मेल्या तेव्हा न्यूयॉर्कच्या बायकांना मताचा अधिकार नव्हता. दरवाजाला कुलूप लावू नये असा कायदा करणाऱ्याला निवडून देणे किंवा पाडणे त्यांच्या हातात नव्हते. रोझ श्नायडरमन आणि क्लारा लेमलिक या कामगार स्त्रियांनी हेच लोकांपुढे मांडले की मत ही श्रीमंत बायकांची हौस नाही, ती मजूर बाईच्या जिवाची राखण आहे. न्यूयॉर्क राज्यात बायकांना १९१७ मध्ये आणि साऱ्या अमेरिकेत १९२० मध्ये मताधिकार मिळाला. ती आग डोळ्यांनी पाहणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स पुढे १९३३ मध्ये अमेरिकेच्या मजूर मंत्री झाल्या.

आपल्याकडेही तसेच. रेसकोर्सवर बोलणाऱ्या त्या दोन बायकांना मत नव्हते आणि त्यांच्यापुढे बसलेल्या हजारो पुरुषांनाही नव्हते. ज्याला मत नाही त्याच्या हाती फक्त अर्ज उरतो, आणि अर्जाला पन्नास वर्षे लागतात. मुंबई इलाख्यात बायकांना मताधिकार देण्याचा निर्णय १९२१ मध्ये झाला. त्यासाठी झटणाऱ्यांत रमाबाई रानडे होत्या. पण तो मालमत्ता असणाऱ्या थोड्या बायकांपुरता. चाळीतल्या कामगार बाईला, मुरबाडच्या शेतमजूर बाईला आणि शहापूरच्या आदिवासी बाईला मत मिळाले ते स्वतंत्र भारताच्या संविधानामुळे, १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत. तेव्हाही देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढीच ओळख दिली. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नावे घेण्यास नकार दिला. तो नकार कठोर वाटला तरी त्यातून पुढच्या वेळी बायका आपले नाव सांगू लागल्या.

बंधुभगिनींनो, ही कथा जुनी आहे, पण आपल्या दारातली आहे. आसनगावपासून भिवंडीपर्यंत कारखाने आणि गोदामे पसरली आहेत. आपल्यापैकी कितीतरी जण पहाटेची लोकल पकडतात, कितीतरी बहिणी ठेकेदाराच्या गाडीतून कामावर जातात. ठेक्यावरच्या माणसाला रविवार मागायला भीती वाटते. मागितला तर सोमवारी दुसरा माणूस उभा असतो. बोट तुटले तर मलमपट्टी करून घरी पाठवले जाते आणि कागदावर काहीच येत नाही. कायदा आहे, पण कायदा स्वतःच्या पायांनी चालत येत नाही. त्याला लोखंडे यांच्यासारखी माणसे लागतात, सह्या गोळा करणारी, सोबत जाणारी, नोंद करायला लावणारी.

म्हणून तीन साध्या गोष्टी. आपल्यापैकी कोणी चार माणसांना काम देत असेल, शेतावर, दुकानात किंवा घरी, तर त्यांना आठवड्याची सुट्टी आणि वेळेवर पैसे मिळतात का, हे आधी आपल्याच घरात तपासावे. आपल्या ओळखीत कामावर कोणी जखमी झाले, तर त्याच्या सोबत जाऊन अपघाताची नोंद करून घ्यावी आणि भरपाईचा अर्ज लिहायला मदत करावी. शिकलेल्या तरुणांनी हे काम अंगावर घ्यावे. आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या मुलीचे, सुनेचे नाव मतदार यादीत आहे का, ते पाहावे. सून लग्न होऊन आली की तिचे रेशनकार्डावरचे नाव आठवते, यादीतले विसरते. ग्रामसभेला बाई गेली तर तिला बोलू द्यावे. १८९० मध्ये दहा हजार पुरुषांनी दोन बायकांचे ऐकून घेतले होते. आज ग्रामसभेतल्या पन्नास जणांना ते जड जाऊ नये.

भारत सरकारने ३ मे २००५ रोजी लोखंडे यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. मुंबईतल्या परळच्या श्रम विज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे. ते योग्यच झाले. पण त्यांचे खरे स्मारक दर सात दिवसांनी येते आणि त्यासाठी कोणाला हार घालावा लागत नाही. त्या दिवशी आपण विसावा घेतो, प्रार्थना करतो, मुलांना जवळ घेतो. ज्याला हा दिवस अजून मिळत नाही, असा एखादा शेजारी आपल्या गल्लीत असेलच. या रविवारी त्याची आठवण करू या आणि सोमवारी त्याच्यासाठी काहीतरी करू या.